तुसाचा कोळसा आणि काळा करंडा

आजची नोंद गोबरगॅसवाल्यांसाठी.

आमच्या शेगडीचं बर्नर दोन वर्षांत खाऊन गेलं. मी मालालाच नावं ठेवत होतो. एक दिवस घरचीनं देवघरातला चांदीचा करंडा पुढं केला. "अजी, हा काऊन काळा पडून रायला? परवाच तर घासला." देवघर स्वयंपाकखोलीतच आहे. पाहिलं तर पाइपचा जोड किंचित गळत होता. सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाईड चांदी काळी करतो, लोखंड-पितळही खातो. जास्त झाला तर नाक मरतं, वासच येत नाही, म्हणून नाकाच्या भरवशावर राहू नका. जोड त्याच दिवशी बदलला.

पण बर्नरचं काय? इथं गोंदियात राइस मिलांमुळं तुसाला तोटा नाही. शंभर किलो धानाला वीसेक किलो तूस निघतं. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं डॉ. आनंद कर्व्यांच्या पुढाकारानं उसाच्या पाचटाचा कोळसा केला होता, 2002 साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो चुलीसाठी होता. मला गॅस गाळायचा होता.

छिद्रं पाडलेल्या डब्यात विस्तव, वर पत्र्याचं धुराडं, भोवती तुसाचा ढीग. ढीग काळा झाला की लगेच पाणी मारायचं. पांढरा झाला म्हणजे राख, फुकट गेलं. मी एकदा अर्धवट विझवला, रात्री परत पेटला आणि बाजूचा तट्ट्या गेला.

चार इंची पाइपात कोळसा ठासून भरला, तर ज्योतच बसली. गोबरगॅसला दाब कुठं असतो! चाळून भुकटी काढली, ओलसर करून सैल भरला, तेव्हा जमलं. तपासायला घरचीचं जुनं जोडवं, मोकळ्या अंगणात, विस्तव लांब ठेवून, न पेटवलेल्या गॅससमोर धरतो. नवव्या दिवशी ते काळं पडलं.

बाजारातला सक्रिय कोळसा वेगळा. तो आठ-नऊशे अंशांवर वाफ देऊन करतात. त्याच्या चार-पाच ग्रॅममधल्या बारीक छिद्रांचा पृष्ठभाग एकरभर भरतो. आपल्या ढिगाला ते साधत नाही, शिवाय तुसात वाळूसारखी सिलिका भरपूर.

म्हणून आता कोळशाच्या वर लेथवरचा गंजवलेला लोखंडी कीस भरतो. गंजच तो वायू धरतो. महिना झाला, जोडवं अजून पांढरं आहे. भरण बदलताना आधी पाणी मारा, वापरलेला कीस हवेत तापतो. कोळसा मी खतखड्ड्यात टाकतो, गंधक धानालाही लागतंच.

उसना मिलच्या बॉयलरची काळी राख कोणी अशी भरून पाहिली असेल तर सांगा जी.