डिमोनाच्या अंगणातली हिरवी गाडी



डिमोना आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १९५५ साली नेगेवच्या वाळवंटात वसलेलं हे गाव. आपल्या कितीतरी कुटुंबांनी इथल्या कापडगिरणीत आणि मृत समुद्राच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढली. इथली हवा कोरडी, ऊन कडक. कोकणात पावसाळ्यात लोखंड गंजतं. इथे लोखंड टिकतं, पण रंग टिकत नाही. बोट फिरवलं की खडूसारखी पूड हाताला लागते.

आमच्या अंगणातल्या गाडीचं तसंच झालं होतं. १९७४ सालची फोक्सवॅगन. आत झोपायला बाक, छोटी शेगडी, आणि छप्पर वर उचललं की आत उभं राहता येतं. अशा गाड्या जर्मनीत १९५० पासून बनू लागल्या आणि ब्राझीलमध्ये तर २०१३ पर्यंत बनत होत्या. बालमित्रांनो, हिचं इंजिन मागच्या बाजूला असतं आणि ते वाऱ्यानेच थंड होतं, पाणी घालावं लागत नाही!

इंजिन चालू होतं, पण बाहेर रंगवून घ्यायचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त निघाला. भंगारात द्यावी, असं घरात ठरत आलं होतं. तेव्हा आमचे बाबा म्हणाले, "घरीच रंगवू या."

बाबा मुंबईला परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. रंगकाम त्यांचं नव्हे, पण डबे कसे रंगवतात ते रोज पाहिलेलं. १९६९ साली ते इस्राएलला आले, पन्नास वर्षं हिब्रू बोलले. २०२१ च्या आजारपणानंतर मात्र हिब्रू शब्द त्यांना आठवेनासे झाले. राहिली ती मराठी. आणि नातवंडांना मराठी येत नाही. एका घरात राहून सबा आणि मुलं एकमेकांकडे बघून नुसती हसत. आम्हाला ते बघवत नसे. म्हणून आम्ही लगेच हो म्हटलं.

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, शाळेच्या सुट्टीत, आम्ही नऊ शुक्रवार काम केलं. पहाटे साडेपाचला सुरुवात, नऊला बंद. कारण नंतर पत्रा तापतो आणि तापल्या पत्र्यावर रंग नीट पसरत नाही. दुपारनंतर वारा सुटतो, धूळ उडते. शुक्रवार सोयीचा पडला. सकाळी दिलेला रंग शब्बाथभर वाळायचा. त्या दिवशी कोणी काम करणार नाही, म्हणजे कोणी हात लावणार नाही!

पहिले चार शुक्रवार नुसती तयारी. साबणाने धुणं, रबर आणि दिवे काढणं, मग घासणं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून ते थर मोठ्यांनीच, तोंडाला मास्क लावून, वॉटर पेपरने पाणी घालून घासले. ओलं घासलं की धूळ उडत नाही. गंज थोडाच निघाला, तोही पुढच्या काचेखाली आणि चाकांवरच्या कमानींत, जिथे पाणी साचतं तिथे. तो खरवडून, खड्डे बुजवून, वर प्रायमर दिला.

रंगावरून घरात भांडण. मुलांना जांभळी गाडी हवी होती. पण परवान्यावर रंग लिहिलेला होता हिरवा. आई म्हणाली, "बरंच झालं. हिरव्या चुड्याचा रंग आहे, शुभ असतो." वाद मिटला. वरचा भाग पांढरा, खालचा हिरवा.

पिचकारी आम्ही वापरली नाही. स्पंजचा छोटा रोलर, थिनर घालून पातळ केलेला रंग, आणि चार पातळ हात. दोन हातांच्या मध्ये बारीक पेपरने पुन्हा घासायचं. जाड हात दिला की ओघळ येतात. मुलं चिकटपट्टी लावत, बादल्या भरत.

आणि बाबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. मराठीत! "लांबी आण." "पुसून घे." "दुसरा हात उद्या नाही, पुढच्या शुक्रवारी." धाकट्याने विचारलं, हात म्हणजे तर हा हात ना? बाबांनी रोलर चालवून दाखवला: हाही हात, आणि हा रंगाचाही हात. मुलं हसून लोळली. आमच्या शिकवण्याने जे झालं नाही ते कामाने झालं. शेवटच्या शुक्रवारपर्यंत मुलांना तीस-चाळीस शब्द आले, आणि सबाचे 'आजोबा' झाले.

सुक्कोथच्या सुट्टीत आम्ही सगळे येरुहाम, स्दे बोकेरवरून मित्झपे रामोनला गेलो. सुमारे ७० किलोमीटर, सावकाश. तिथला दरीसारखा खोलगट प्रदेश ४० किलोमीटर लांब आणि ५०० मीटर खोल आहे. कड्यावर रानबोकड माणसांना न भिता फिरतात. आईचे गुडघे दुखतात, ती गाडीतल्या बाकावर पाय पसरून दार उघडं ठेवून बघत होती. बाबा एकेका दगडाचा रंग सांगत होते आणि मुलं तो मराठीत म्हणत होती.

जवळून पाहिलं तर रंगात रोलरचे बारीक ठिपके दिसतात. पण गाडी भंगारात गेली नाही. बाबांची हिब्रू परत आलेली नाही, आणि आता तिच्यावाचून मुलांचं अडतही नाही. आपल्या घरीही एखादी जुनी खुर्ची, पेटी, सायकल असेलच. मुलांना सुट्टी लागली की ती अंगणात काढा, आजी-आजोबांना खुर्ची द्या आणि हुकूम मराठीतच सोडायला सांगा.