मांडी घालणारा पाय

अंध माणसाची पांढरी काठी फुटपाथच्या कडेला लागते, तेव्हा ती कड त्याला मुठीत जाणवत नाही. काठीच्या टोकाशी जाणवते. थालीपीठ तव्याला चिकटलंय की सुटलंय, हे उलथन्याच्या पात्यातूनच कळतं. १९९६ साली जपानमध्ये आत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना लहानशा दाताळ्यानं खाऊ ओढायला शिकवलं. सरावानंतर मेंदूतल्या ज्या पेशी हाताजवळच्या जगाची दखल घेत, त्या दाताळ्याच्या टोकापर्यंतची दखल घेऊ लागल्या.

पण दाताळं खाली ठेवता येतं. कृत्रिम पाय मात्र माणूस नुसता बसलेला असतानाही त्याचा असावा लागतो.

पूर्वी आपल्याकडे मिळणारे कृत्रिम पाय पाश्चात्त्य घडणीचे होते, ताठ आणि बुटात दडवायचे. खुर्चीवर बसणाऱ्याचं त्यात भागे. शेतकऱ्यानं चिखलात कसं उतरावं, उकिडवं कसं बसावं, बूट घालून देवळात कसं जावं? अनेकांनी ते पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबडी घेतली. अशांना कृतघ्न म्हटलेलं मला सहन होत नाही. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी त्यांचं म्हणणं ऐकलं. १९६८च्या सुमारास त्यांनी रबराचं पाऊल घडवलं: घोट्याशी वळणारं, पाण्यात जाणारं, अनवाणी चालणारं. मांडी घालणारं!

१९८१ साली झालेल्या एका अपघातानंतर पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन हे पाऊल लावून पुन्हा भरतनाट्यम करू लागल्या. त्या रबरात एकही मज्जातंतू नाही. जमिनीवरचा आघात सॉकेटमधून, म्हणजे पाय बसवायच्या खोबणीतून, उरलेल्या पायाला पोचतो. ताल सावरायचा तो तेवढ्यावर.

कापलेला अवयव जाणवत राहतो, याचं वर्णन अमेरिकी डॉक्टर सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ साली केलं. हा भासाचा पाय अनेकांना छळतो, रात्री ठणकतो. पण कृत्रिम पाय चढवला की काहींचा भास त्यातच जाऊन बसतो. पोकळ नळीत टाच येते, बोटं येतात. हाडामांसाची आठवण प्लॅस्टिकला आपलं म्हणते, याहून मोठं औदार्य मला ठाऊक नाही. ते गृहीत मात्र धरू नये. पायाचं माप घेणाऱ्यानं टेप काढण्याआधी समोरच्याला विचारावं: घरी जेवायला कसे बसता? शेतात पाणी किती असतं? जिना आहे का?