गुरुवारची फेरी

दांडिया बाजारातील आमच्या घराजवळच्या नाक्यावर पूर्वी टांगे उभे राहत. आमच्या लहानपणी त्यांतल्या एका टांगेवाल्या चाचांना आमच्या घरची बित्तंबातमी असे. आजोबा कचेरीतून किती वाजता परततात, आत्या माहेरपणाला कधी यावयाची आहे, आजीला सुरसागराच्या काठी फिरवून आणले म्हणजे तिला कसे बरे वाटते, हे सारे त्यांना तोंडपाठ. तरी त्याची धास्ती घरात कोणास वाटल्याचे आम्हांस स्मरत नाही. चाचांना जे ठाऊक होते ते त्यांच्या डोक्यात होते आणि चाचा आमच्या डोळ्यांसमोर होते. एखादी गोष्ट त्यांनी भलत्या ठिकाणी बोलून दाखविली असती, तर आजोबांनी संध्याकाळीच नाक्यावर जाऊन जाब विचारला असता. शिवाय चाचा म्हातारे झाले, तसे बरेचसे विसरूनही गेले.

आता मोबाईलच्या काचेवर बोट टेकले की रिक्षा दारात येते. चालक अनोळखी असतो. दर वेळी नवा असतो. त्यामुळे आपल्या जाण्यायेण्याची कोणास दादही नसते, असा आमचा भाबडा समज होता. तो एका गुरुवारी दूर झाला.

आमच्या थोरल्या वहिनी गेले काही महिने दर गुरुवारी शहराबाहेरच्या एका मोठ्या इस्पितळात उपचारासाठी जातात. दुखणे साधे नाही. त्यांची लेक पुण्यास असते आणि तिचे दिवस भरत आले होते. ‘तिचे बाळंतपण सुखरूप होईपर्यंत याचा चकार शब्द कोणाजवळ काढू नका,’ असे वहिनींनी आम्हांस निक्षून सांगितले होते. आल्यागेल्यास त्या भजनाला जातात एवढेच सांगितले जाई. अशात त्यांचा भाचा दोन दिवसांसाठी मुक्कामास आला. परत निघताना स्टेशनापर्यंत रिक्षा हवी म्हणून त्याने आत्याचा मोबाईल सहज हातात घेतला आणि अ‍ॅप उघडले. आधीच्या प्रवासांची यादी ओळीने समोर आली: तेच इस्पितळ, तोच वार, तीच वेळ, अकरा वेळा. पोराने मोबाईल खाली ठेवला आणि हळूच विचारले, “आत्या, तू कुणाला भेटायला जातेस गं तिथे?” वहिनींनी उत्तर दिले नाही, त्या चहा ठेवावयास म्हणून आत निघून गेल्या.

मुलगा समंजस. त्याने पुण्यास काही कळविले नाही. परंतु आमच्या मनातून ती यादी जाईना. वहिनींनी जे स्वतःच्या लेकीपासून लपविले, ते एका कंपनीच्या वहीत तारीखवार, मिनिटवार लिहिलेले होते. आजार तेथे लिहिलेला नव्हता हे खरे. पण अकरा गुरुवार वाचणाऱ्यास आजार निराळा लिहावा लागत नाही. ही वही कोणाच्या हाती आहे, आणि ती चोरीस गेली तर आम्हांस कोणी सांगणार आहे काय, हे दोन प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागले.

आम्ही वाचू लागलो तेव्हा या धंद्यातील जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचा, उबरचा, इतिहास समोर आला. २०१६ साली चोरट्यांनी तिच्या साठ्यातून सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालक यांची माहिती पळविली. त्यांत नावे, ईमेलचे पत्ते व मोबाईलचे क्रमांक होते. शिवाय अमेरिकेतील सुमारे ६ लाख चालकांच्या परवान्यांचे क्रमांक होते. साठ्याची किल्ली कंपनीच्या अभियंत्यांनीच आपल्या कामाच्या मजकुरात लिहून ठेवली होती. ती चोरट्यांना सापडली. प्रवासाच्या नोंदी गेल्याचे चिन्ह दिसत नाही, असे कंपनीने मागाहून सांगितले. पण हे ‘मागाहून’ म्हणजे एका वर्षाने, २०१७ च्या नोव्हेंबरात! तोवर चोरट्यांना १ लाख डॉलर देऊन गप्प बसविण्यात आले होते. त्याबद्दल २०१८ साली अमेरिकेतील राज्यांना मिळून १४ कोटी ८० लाख डॉलर भरावे लागले. आणि सुरक्षेचा जो प्रमुख अधिकारी होता, त्यास २०२२ साली ज्यूरीने दोषी ठरविले. त्याचा अपराध चोरी झाली हा नव्हता. ती सरकारपासून दडविली, हा होता.

चोर तर बाहेरचे. आतली गोष्ट याहून बोचणारी आहे. याच कंपनीत एके काळी ‘गॉड व्ह्यू’, म्हणजे देवाची दृष्टी, या नावाची एक सोय होती. तीतून धावत्या गाड्या आणि त्यांची वाट पाहणारे प्रवासी नकाशावर दिसत. एका पत्रकार महिलेचा प्रवास तिच्या नकळत असा न्याहाळला गेल्याचे २०१४ साली उघड झाले, आणि पुढे न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीनंतर या दृष्टीवर निर्बंध आले. त्याच २०१४ च्या डिसेंबरात दिल्लीत एका तरुणीवर अशाच गाडीच्या चालकाने अत्याचार केला. तिचे वैद्यकीय कागद कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मिळवून जवळ बाळगले होते, हे २०१७ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले व त्यास जावे लागले. ते वाचताना वहिनींच्या उशाखालची फाईल आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

आम्ही बडोद्याची माणसे दप्तरांच्या सावलीत वाढलो. मोडी कागद रुमालात बांधून ठेवावयाची मराठी दप्तरांची जुनी रीत आमच्या घरातही होती. आजोबांचे रुमाल माळ्यावर असत, आणि ‘रुमाल कोणी सोडला?’ हा प्रश्न विचारला की उत्तर द्यावेच लागे. आमचे मागणे याहून फारसे अधिक नाही. गाडी बोलवावयाची तर आपले ठिकाण सांगावे लागणार, हे आम्हांस कळते. पण रुमाल कोणी सोडला हे विचारण्याचा आमचा हक्क असावा, आणि तो हरवला तर प्रथम आम्हांस कळावे.

कायद्याने हे आता मान्य केले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती फुटली तर ज्याची ती आहे त्यास कळविलेच पाहिजे, असे त्यात आहे. न कळविल्यास २०० कोटींपर्यंत, आणि माहिती नीट सांभाळण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कंपन्यांना तयारीस अवधी हवा, हे आम्ही समजू शकतो. दुखणाइताचे गुरुवार मात्र कोणत्याही मुदतीसाठी थांबत नाहीत.

वहिनींची लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. आठ दिवसांनी वहिनींनी स्वतःच फोन करून तिला सारे सांगितले. दोघी पुष्कळ वेळ बोलल्या. आता लपविण्यासारखे काही उरलेले नाही, असे आम्ही म्हणालो.

तरी परवाच्या गुरुवारी आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. वहिनी हल्ली रिक्षा इस्पितळापर्यंत बोलावीत नाहीत. अलीकडे गणपतीचे एक देऊळ आहे, तेथवरचीच बोलावतात. आणि तेथे उतरून, अशक्त पावलांनी, उरलेला रस्ता उन्हातून चालत जातात. आम्ही रागावलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “भावजी, देवळात गेले म्हणून लिहू देत ना त्यांना.”