हजेरीपटावरील नावे

आमच्या 1987 च्या दहावीच्या तुकडीचे स्नेहभोजन ठरले, तेव्हा निमंत्रितांची यादी बोर्डाच्या निकालावरून झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधने तपासण्याची खोड असते; आम्ही कार्यालयातून आठवीचा हजेरीपट मागविला. त्यात बारा नावे अधिक निघाली. कोणी आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेले ते परतले नाहीत. 1978 च्या नामांतर दंगलीत घर जळालेला एक सोबती नववीतच बांधकामावर गेला. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा तेथे मुलांच्या अन्नाची आणि निवाऱ्याची सोय झाली. निकाल ही पुढची गोष्ट. मग आमच्या पंगतीला निकालाची अट कशाला?

शोधाशोध करून त्या बारांपैकी पाच जण आले. बुद्धवंदनेनंतर जुन्या भोजनगृहात सतरंज्यांवर पंगत बसली. भाकरी, पातळ वरण, ठेचा. हॉटेलचा आग्रह धरणारे अधिकारी मित्रही मांडी घालून बसले. गुडघ्यांची तक्रार निराळी. बांधकामावर गेलेला सोबती मात्र दाराशीच थांबला.

“मी कुठं पास झालो, गुरुजी?”

वर्गमित्राने ‘गुरुजी’ म्हणावे, हे आम्हांस फार लागले. आम्ही पट उघडून त्याचे नाव दाखविले. त्याने त्यावरून बोट फिरविले, पट हाती घेतला आणि पहिल्या नावापासून हजेरी पुकारू लागला. काही नावांना कोणीच ओ दिली नाही. सतराव्या क्रमांकाला तो स्वतःच “हजर” म्हणाला आणि पानावर बसला.