हर्षद संख्या

मांजरा नदीच्या पात्रातील मूठभर वाळू उचलली, तर तीत किती कण असतील? बिलोली तालुक्यातील मुलांना ही वाळू लहानपणापासून परिचयाची; परंतु तिचे कण मोजण्यास कोणी बसत नाही. फार मोठ्या संख्येपुढे मनुष्याचे मन असेच दबून जाते. अंकांची लांबलचक रांग दिसली, की ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून तो पाटी बाजूला ठेवतो.

आता ही संख्या पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा, पण रचना किती रेखीव! एका बाजूने नवापर्यंत चढावे आणि दुसऱ्या बाजूने एकापर्यंत उतरावे. हिचा जन्म मात्र अगदी साधा आहे. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणावे. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. त्यामुळे उजवीकडून पहिल्या घराची बेरीज एक, दुसऱ्याची दोन, मधल्या घराची नऊ, आणि पुढे पुन्हा एकेकाने कमी होत जाते. हातचा कोठेही येत नाही, म्हणून हा जिना मोडत नाही. दहा वेळा एक लिहून असाच गुणाकार केला, तर मधल्या घरात दहा होतात, हातचा पुढे जातो आणि सारा डौल बिघडतो.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. बी. एस्सी. ही त्यांची पदवी. परंतु अंकांचा छंद जन्मभराचा. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला ते ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हणत. १८ ही अशीच संख्या होय : एक आणि आठ मिळून नऊ, व नवाने अठरास भाग जातो. वरील सतरा अंकांची बेरीज ८१ होते. १११११११११ ला ९ ने भाग जातो. म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे एवढी मोठी संख्याही हर्षदच!

कापरेकरांच्या या उद्योगाला कित्येक विद्वान हसले. काही लेखन तर त्यांना स्वतःच छापून काढावे लागले. तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, आणि देवळालीच्या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली ते निवर्तले; त्यांनी शोधलेल्या संख्या आजही अभ्यासल्या जातात.

या शोधांसाठी त्यांना कागद, पेन्सिल आणि धीर एवढेच पुरले. संख्या कोणाचे गाव विचारीत नाही, पदवीही विचारीत नाही. जो तिच्याजवळ स्वस्थपणे बसतो, त्याच्यापाशी ती आपले मन मोकळे करते.