कप्प्यांचं ताट

आईच्या लग्नातल्या आहेरात स्टीलचं एक कप्प्यांचं ताट आलं होतं. आमच्याकडे ते आजारी माणसासाठीच निघायचं. एरवी साधी ताटं: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. पुढे होस्टेलच्या मेसमध्ये तसलंच ताट रोज हाती आलं. त्यात चव कमी आणि घाई जास्त.

लेकासाठी मात्र मी ते आईकडून मागून आणलं. तो स्वमग्न आहे. पोळीला भाजीचा रस लागला की ताट सारून द्यायचा, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पळायचा. पोह्यांत अवचित शेंगदाणा दाताखाली आला, की पुढे कित्येक दिवस पोहे बंद. "भूक लागली की खाईल," असं सगळे सांगायचे. अशा मुलांची भूक त्या त्रासापुढे हरते, हे त्यांना कोण सांगणार! बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांवर लिहिलेल्या लेखात खाण्याच्या तक्रारी आणि मोठ्या आवाजांची धास्ती दोन्ही नोंदवली आहेत. तरी संवेदनांची ही तीव्रता निदानाचा स्वतंत्र निकष झाली ती २०१३च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत. मधल्या काळात किती आयांना 'लाडावून ठेवलंय' हे ऐकावं लागलं असेल, या विचाराने आजही जीव तुटतो.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी खुर्चीपुढे पाट ठेवायला सांगितला. पाय लोंबकळत राहिले की मुलाचं निम्मं लक्ष तोल सावरण्यात जातं. कुकर मी आधीच उरकते. मोठ्या कप्प्यात मोकळा भात, शेजारी काकडी, पापड. सगळ्यात लहान कप्पा नव्या पदार्थाचा. तो खाल्लाच पाहिजे असं नाही. आधी तो नुसता बघायचा, मग बोटाने ढकलायचा, मग हुंगायचा. बटाटा असाच आला: पहिल्यांदा तव्यावरचे कुरकुरीत काप, मग जरा जाड, मग मऊ. (वजन घटायला लागलं किंवा खाण्यातले पदार्थ कमी होत गेले, तर डॉक्टरांना गाठावंच.) "कालव की गं तो भात," म्हणणाऱ्या सासूबाई आता आपणहून वरण वेगळं वाढतात.

गेल्या वर्षी जुनं ताट चेपलं. तुळशीबागेत लेकाने प्रत्येक ताटाच्या कडांवरून बोट फिरवलं आणि सगळ्यात खोल कप्प्यांचं निवडलं. त्यातून रस बाहेर येत नाही. हल्ली तो आमटी घेतो आणि जोरात भुरके मारतो.