लोक काय म्हणतील?

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. चार वर्षांतून एकदा वर्ल्ड कप आला की ब्राझीलचा पिवळा टीशर्ट घालून मित्रमंडळींबरोबर आरडाओरडा करायचा, बास. त्यामुळे 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत लाइपझिगला मावसभावाकडे गेले असताना तो म्हणाला, ‘‘या वीकेण्डला मॅचला जाऊ,’’ तेव्हा मी उगाच हुशारी दाखवली.

‘‘दादा, ती एनर्जी ड्रिंकवाली टीम ना?’’

पुणेकराला ‘मस्तानी म्हणजे मिल्कशेकच ना?’ असं विचारल्यावर जसा चेहरा होतो, डिट्टो तसा दादाचा झाला. ‘‘ते नव्हे गं,’’ म्हणत त्याने मोबाइलवरचं तिकीट दाखवलं. एल, ओ, के. मी वाचलं ‘लोक’. तिकडचा उच्चार ‘लॉक’च्या जवळ जातो म्हणे. लोकोमोटिव्ह, म्हणजे रेल्वे इंजिन, त्याचं हे लाडातलं नाव. पण एकदा ‘लोक’ वाचलं ते वाचलं! मराठी डोळ्यांना दुसरं काही दिसेना.

मॅच होती चौथ्या पातळीवरच्या लीगची. म्हणजे बुंडेसलिगाच्या तीन पायऱ्या खाली. मी म्हटलं, इतक्या लांब येऊन हे बघायचं? तर ट्राममध्ये दादाने मला सगळी कुंडलीच ऐकवली.

जर्मन फुटबॉल असोसिएशनची स्थापना याच लाइपझिगमध्ये झाली, 1900 मध्ये. तीन वर्षांनी पहिली राष्ट्रीय चॅम्पियनशिप झाली आणि ती जिंकली याच क्लबच्या पूर्वजाने, व्हीएफबी लाइपझिगने. फायनलमध्ये प्रागच्या टीमला 7-2 ने धुतलं. म्हणजे जर्मनीचा पहिला चॅम्पियन हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर जुने क्लब बरखास्त झाले, देशाची फाळणी झाली, लाइपझिग पूर्वेकडे गेलं. तिथे बरीच नावं बदलत बदलत 1966 मध्ये क्लबचं नाव झालं लोकोमोटिव्ह. 1987 मध्ये तर ही टीम युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलला पोचली! सेमीफायनल गेली पेनल्टीवर. समोर फ्रान्सची बोर्डो, स्टेडियममध्ये 70 हजारांहून जास्त पब्लिक आणि शेवटची निर्णायक पेनल्टी मारली कोणी? गोलकीपर रेने म्युलरने! फायनलला अथेन्समध्ये मात्र आयॅक्सच्या मार्को व्हॅन बास्टनच्या एका गोलने घात केला.

मग दोन जर्मनी एक झाल्या. 1991 मध्ये क्लबने ‘लोकोमोटिव्ह’ टाकून दिलं आणि पुन्हा जुनं, भारदस्त ‘व्हीएफबी’ नाव घेतलं. 1993 मध्ये बुंडेसलिगात चढले, 1994 मध्ये तळाला राहून उतरले. मग कर्ज, मग आणखी कर्ज आणि 2004 मध्ये दिवाळं. खेळ खल्लास.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही बुडीत कंपनीची असू शकते. पुढची नाही. क्लब बुडतोय हे दिसत असतानाच, डिसेंबर 2003 मध्ये, मूठभर फॅन्सनी एकत्र येऊन नवा क्लब रजिस्टर केला. नाव? पुन्हा लोकोमोटिव्ह. नवा क्लब म्हणजे सुरुवात सगळ्यात खालून. लाइपझिगमध्ये ही सगळ्यात खालची पायरी होती अकरावी. तिथे कसल्या टीम्स असतात? कुठल्या तरी गावाची ‘ब’ टीम, नाहीतर नोकरी करून रविवारी खेळणारी पोट सुटलेली मंडळी. 9 ऑक्टोबर 2004 ला अशाच एका ‘ब’ टीमविरुद्धची मॅच बघायला 12 हजार 421 माणसं आली. अकराव्या पायरीवर! पुढच्या वर्षी 1990 चा वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन लोथार माथेउस एका स्थानिक कपच्या मॅचपुरता यांच्याकडून खेळून गेला.

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. त्याला कारणही होतं. मी ज्या न्यूज वेबसाइटमध्ये नोकरीला होते ती 2023 मध्ये बंद पडली. एक मेल आला, दुपारी लॅपटॉप जमा, संपलं. तेव्हापासून मी फ्रीलान्सर. त्या ऑफिसमधल्या आम्हा चौघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजून आहे आणि तिथे वर्षभर एकच विषय चालू होता : पुन्हा सुरू करू या, आपलं आपण, छोट्या प्रमाणात, आणि नाव तेच ठेवू. मालकाने नाव सोडून दिलंय, वाचक ते ओळखतात. नाव बदलायला हवं म्हणणारी मी एकटीच होते. का, ते मात्र मी सांगत नव्हते.

स्टेशन आलं. ट्राममधून उतरल्यावर दादा सहज म्हणाला, ‘‘तू माझ्या बाजूलाच थांब हं. त्या कोपऱ्यात नको जाऊ या.’’

‘‘का?’’

मग त्याने कुंडलीतलं राहिलेलं घर सांगितलं. फॅन्सनी जुनं नाव परत आणलं, तेव्हा त्या नावामागून जुने गुंडही परत आले. फेब्रुवारी 2006 मध्ये ज्युनियर टीम्सच्या मॅचला यांच्यातलेच काही जण स्टँडमध्ये असे उभे राहिले, की माणसांचं स्वस्तिक तयार व्हावं. आपलं देवघरातलं नव्हे, हिटलरचं. पुढच्याच वर्षी एका कप मॅचनंतर शेकडो जणांनी पोलिसांवर हल्ला केला. 30 हून जास्त पोलीस जखमी झाले आणि राज्यभरातल्या पुढच्या वीकेण्डच्या मॅचेस रद्द कराव्या लागल्या. नव्या क्लबचे पहिले अध्यक्ष स्वतः एकेकाळचे दंगेखोर. या पोरांना ओळखणारा माणूसच त्यांना आवरू शकेल, असा तेव्हाचा हिशेब असावा.

माझे पायच थांबले. ‘‘आणि तू इथे येतोस? हौसेनं? तुझा रंग बघितलायस का?’’

दादा हसला. ‘‘पहिल्यांदा आलो तेव्हा जाम टरकलो होतो. अजूनही कधी कधी एखादी कॉमेंट येते. क्लब बंदी घालतो, काही जण सुधारतात, काही नाही. पण मी नाही आलो, माझ्यासारखे नाही आले, तर ही जागा कुणाची होईल?’’

स्टेडियम 1922 चं. लाकडी स्टँड, निळे-पिवळे मफलर, ब्राटवुर्स्टचा धूर. शेजारच्या एका आजोबांनी स्वतःहून सरकून मला जागा दिली आणि मॅचभर मला न कळणाऱ्या जर्मनमध्ये ऑफसाइड समजावला. दूरच्या कोपऱ्यात काळे टीशर्ट घातलेली, कानठळ्या बसवणारी पोरं होती. दोघंही एकच नाव ओरडत होते. मॅचमध्ये काय झालं म्हणाल तर मला काहीही आठवत नाही.

त्या शहरात दुसरा रस्ताही आहे. ती एनर्जी ड्रिंकवाली टीम 2009 मध्ये एका छोट्या क्लबची जागा घेऊन पाचव्या पातळीवर सुरू झाली, 2016 मध्ये बुंडेसलिगात पोचली आणि 2020 मध्ये चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल खेळली. चकाचक, कोरी पाटी. मलाही तेच हवं होतं.

कारण आमच्या जुन्या वेबसाइटवर एक हेडिंग होतं. एका वस्तीत पाण्यावरून भांडण झालं होतं, हेडिंगने त्याला धर्माचा रंग दिला. धर्माचा काही संबंध नाही हे लिहिणाऱ्याला तेव्हाच माहीत होतं. लिहिणारी मीच. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतली दोन दुकानं फुटली. हेडिंगमुळेच, असं कोणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. हिट्सचा आकडा बघून त्या रात्री ऑफिसमध्ये पिझ्झा मागवला होता. दोन स्लाइस मीही खाल्ले. आजही कुणाला बायोडेटा पाठवताना मी ती बातमी गाळते.

मे 2025 मध्ये लोकवाल्यांनी आपली विभागीय लीग जिंकली. पण जर्मनीत अशा लीग पाच आणि वर जाण्याच्या जागा चार. दोन चॅम्पियन्सना आपसात प्लेऑफ खेळावा लागतो. तो ते हाफेल्झेविरुद्ध हरले. चॅम्पियन होऊनही जिथल्या तिथे. दादाचा मेसेज आला : ‘‘असो. पुढच्या सीझनचा पास काढला.’’

तो वाचून मी आमचा ग्रुप उघडला. लिहिलं, नाव तेच ठेवू. फक्त एक अट, पहिल्या दिवशी, पहिल्या पानावर आपली जुनी चुकीची हेडिंग्ज छापायची, लिहिणाऱ्याच्या नावासकट. सगळ्यात वर माझं. आणि सोबत ती बातमीही लिहून पाठवली.

निळ्या टिक्स आल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, ‘‘अगं, पण लोक काय म्हणतील?’’

मी टाइप केलं, ‘‘विचारू या की त्यांना.’’